शिशूची शौचाची सवय आणि मोठ्यांची घाई

नवीन वर्षाच्या आरंभी अंगणवाडीत मुलांची नावे दाखल होऊ लागली, की सेविकेकडे एक अडचण हलक्या आवाजात सांगितली जाते. मूल तीन वर्षांचे झाले आहे, घरभर धावते, गाणी म्हणते, शेजाऱ्यांना नावानिशी ओळखते. परंतु शी-शू अजून सांगत नाही. हे सांगताना आई ओशाळते. सोबत आलेली आजी "याचा बाप सव्वा वर्षाचा असताना सांगत होता," अशी आठवण करून देते आणि आईची मान आणखी खाली जाते. कित्येक घरांत मग असा निर्णय होतो, की सवय लागेपर्यंत मुलाला धाडूच नये. दुसऱ्या काही घरांत उपाय अधिक जलद असतो : ओल्या चड्डीबद्दल एक चापट, शेजारच्या मुलांसमोर थोडी थट्टा, आणि 'घाणेरडा' हे विशेषण. पहिल्या प्रकारात मुलाचे अंगणवाडीत येणे लांबते. दुसऱ्या प्रकारात होणारे नुकसान लगेच दिसत नाही. पण ते पुष्कळदा अधिक खोल असते.

मलमूत्राच्या वेगावर ताबा येणे ही सर्वस्वी शिकवण्याची बाब आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो फार तर अर्धा खरा आहे. नवजात बालकाचे मूत्राशय भरले, की ते आपोआप रिकामे होते; त्यात बालकाच्या इच्छेचा काही भाग नसतो. दिवसातून पंधरावीस वेळा हे घडते. मूल वाढते तसे मूत्राशयही मोठे होते. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारणतः 120 मिलिलिटर, म्हणजे लहान पेलाभर, लघवी मावू लागते व दोन वेळांमधील अंतर वाढते. पण केवळ पिशवी मोठी होऊन भागत नाही. ती भरल्याची जाणीव मज्जारज्जूमार्गे मेंदूपर्यंत पोहोचली पाहिजे, मेंदूने ती ओळखली पाहिजे, आणि 'थांब' हा निरोप मूत्रमार्गाच्या व गुदद्वाराच्या तोंडाशी असलेल्या वळ्यासारख्या स्नायूंपर्यंत परत गेला पाहिजे. ही ये-जा बहुधा दीड ते दोन वर्षांच्या सुमारास जमू लागते. कोणाला आधी, कोणाला बऱ्याच उशिरा. मुलींना ती सरासरीने थोडी आधी साधते. हिरडीतला दात दटावल्याने ज्याप्रमाणे लवकर येत नाही, त्याप्रमाणे हे स्नायूही दटावल्याने लवकर आज्ञेत येत नाहीत.

या वाढीचा एक क्रम आहे आणि तो पालकांच्या ध्यानात आणून देणे हे शिक्षकांचे पहिले काम होय. मुलाला प्रथम कळते ते झाल्यानंतर : चड्डी ओली झाली, पायावरून पाणी ओघळले, आणि मग ते "शू" म्हणते. पुढे त्याला होत असताना कळते. खेळता खेळता ते मध्येच थबकते, चेहरा वेगळा करते, कोपऱ्यात किंवा दाराआड जाऊन उभे राहते. सर्वांत शेवटी त्याला होण्यापूर्वी कळू लागते. घरोघरी राग येतो तो नेमका पहिल्या पायरीवर. "झाल्यावर सांगून काय उपयोग?" असे म्हणून मोठी माणसे मुलावर ओरडतात. वस्तुतः झाल्यावर सांगणारे मूल चुकलेले नसते, ते शिकू लागलेले असते. त्या क्षणी त्याला मार मिळाला, तर त्याचा निष्कर्ष सरळ असतो : सांगितले की मारतात. मग ते सांगणेच बंद करते.

आता आजीच्या आठवणीकडे वळू. ती खोटी नसते. महाराष्ट्रातील घरांत बाळ काही आठवड्यांचे झाले, की आई किंवा आजी जमिनीवर पाय लांब करून बसते, बाळाला आपल्या पायांवर बसवते आणि तोंडाने 'शूऽऽ' असा आवाज करते. झोपेतून उठल्यावर आणि दूध प्याल्यानंतर थोड्या वेळाने असे केले, की बहुतेकदा अपेक्षित ते घडते. पोट भरले की आतड्यांची हालचाल वाढते, हे शरीराचे ठरलेले काम आहे. आजीला त्याचे शास्त्रीय नाव माहीत नसले, तरी वेळ बरोबर माहीत असते. ही रीत केवळ इकडचीच नव्हे. पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांत मुलाला अगदी पहिल्या आठवड्यांपासून असेच मांडीपायांच्या आधाराने धरतात व आवाजाची खूण देतात, आणि ती मुले पाचसहा महिन्यांत पुष्कळशी कोरडी राहू लागतात, असे वर्णन 1977 साली प्रसिद्ध झाले आहे. या रीतीला अडाणी म्हणून नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. तिने लंगोट-दुपटी वाचतात, बाळाची कातडी कोरडी राहते, आणि मायलेकरांची एकमेकांच्या खुणांशी ओळख होते.

मात्र येथे एक गोष्ट निसटते. पायांवर बसवण्याच्या या रीतीत वेळ ओळखत असते ती आई. बाळ आवाजाला व बैठकीला प्रतिसाद देते. थांबवून धरणे, आपण होऊन सांगणे, चड्डी उतरवणे, जागेवर जाणे, यांपैकी काहीही त्याने अजून हाती घेतलेले नसते. पुढे मूल चालू लागते, एका जागी बसण्याचा त्याला कंटाळा येतो, 'नाही' हा शब्द त्याला नव्याने सापडलेला असतो, आणि एके दिवशी ते पायांवर बसण्यास साफ नकार देते. घरात गोंधळ उडतो. "सगळं येत होतं, आता विसरला," किंवा "मुद्दाम करतो," असे निदान केले जाते. मूल काहीही विसरलेले नसते. आईची सवय संपून मुलाची स्वतःची सवय सुरू होण्याच्या मधला तो काळ असतो. आईच्या हातातील काम मुलाच्या हाती जाताना काही महिने ते कोणाच्याच हाती पक्के नसते, एवढाच त्याचा अर्थ.

पाश्चात्त्य देशांनीही याबाबतीत बरेच हेलकावे खाल्ले आहेत. अमेरिकेच्या सरकारी बालक विभागाने मातांसाठी 1914 पासून काढलेल्या संगोपन-पुस्तिकेच्या पुढील काही आवृत्त्यांतून, बाळाला पहिल्या काही महिन्यांतच घड्याळाच्या काट्यावर भांड्यावर बसवावे, असा उपदेश केला जाई. त्यात आजीच्या पायांची ऊब नव्हती. शिस्त तेवढी होती. पुढे मर्टल मॅग्रॉ या संशोधिकेने जुळ्या भावंडांवर केलेली निरीक्षणे 1940 मध्ये प्रसिद्ध केली. जोडीपैकी एका मुलाला लवकरच्या महिन्यांपासून नियमाने बसवले गेले, दुसऱ्याला पुष्कळ उशिरापर्यंत मोकळे सोडले गेले. उशिरा सुरुवात केलेल्या मुलाला थोडक्याच दिवसांत ताबा आला, आणि आधीच्या सगळ्या खटाटोपाचा लवकर सुरुवात केलेल्या मुलाला म्हणण्यासारखा फायदा झालेला दिसला नाही. त्यानंतर बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1,170 मुलांच्या नोंदी अभ्यासून, मुलाची तयारी दिसल्यावर सुरुवात करावी व त्याच्या गतीने पुढे जावे, हे मत 1962 मध्ये मांडले. योगायोगाने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्याच वर्षीची ही गोष्ट. त्यांच्या पाहणीत दिवसाचा ताबा सरासरीने साडेअठ्ठावीस महिन्यांच्या वयात आला. ही संख्या सरासरी आहे, हे विसरता कामा नये. सरासरीच्या अलीकडे निरोगी मुले असतात, तशीच पलीकडेही असतात.

महाराष्ट्रात हा विचार शौचाच्या बाबतीत निराळा सांगितला गेला नसला, तरी त्याचे मूळ येथे आहेच. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे, म्हणजे त्या वेळच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. शिक्षा व भीती यांना त्या बालशिक्षणात स्थान नव्हते, आणि मुलाची स्वच्छता हा अभ्यासाबाहेरचा विषय मानला जात नव्हता. माँटेसरी पद्धतीतील बटणे लावण्या-सोडण्याच्या चौकटी आज काही ठिकाणी कपाटात शोभेला ठेवलेल्या दिसतात. पण वेळेवर चड्डीचे बटण सोडता येणे हा त्यांचा अगदी व्यवहारी उपयोग आहे. ज्या मुलाला बटण सुटत नाही, त्याला वेग कळूनही उपयोग होत नाही. म्हणून या वयात नाडी, पट्टा, घट्ट जीन यांपेक्षा सैल रबरी पट्टीची चड्डी बरी.

मुलाची तयारी ओळखण्याच्या खुणा कोणत्याही घरात पाहता येतात. दोनएक तास चड्डी कोरडी राहते. शी होण्याची वेळ रोज साधारण तीच येते. मूल स्वतः चालत जाऊन उकिडवे बसू व उठू शकते. "तांब्या आण" यासारखी साधी सूचना त्याला कळते. ओले कपडे त्याला नकोसे होतात. आणि मोठ्यांप्रमाणे आपणही करावे असे त्याला वाटते. या सर्व खुणा एकदम दिसल्याच पाहिजेत असे नाही, परंतु यांपैकी एकही नसताना केलेली सुरुवात बहुधा भांडणात संपते. बाजारी डायपरचा विचारही येथेच केला पाहिजे. प्रवासात किंवा आजारपणात ते सोयीचे आहेत. पण ओलेपणा मुलाला जाणवू न देणे हेच त्यांचे काम असल्यामुळे, दिवसभर ते घालून ठेवलेल्या मुलाला पहिली पायरीच सापडत नाही. शिकण्याच्या दिवसांत घरी साधी सुती चड्डी घालावी, व प्रसंगी मूल उघडे राहिले तरी बिघडत नाही.

सुरुवातीचा हंगामही पाहावा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, आईची चिडचिड वाढते आणि त्याचा राग मुलावर निघतो. दिवाळीनंतरचे किंवा उन्हाळ्याचे दिवस अधिक सोयीचे. घरात नवे बाळ येणार असेल, मूल नुकतेच अंगावरून तुटले असेल, किंवा कुटुंब ऊसतोडीसाठी गाव सोडून निघण्याच्या बेतात असेल, तर थोडे थांबावे. जे मूल आधी सांगत होते, तेही अशा बदलात काही दिवस सांगायचे सोडते. कोपीवर गेलेले मूल परत आल्यावर अंगणवाडीत चड्डी ओली करू लागले, तर सेविकेने त्यात नवल मानू नये.

प्रत्यक्ष रीत अगदी साधी आहे. मुलाला आधी काही दिवस जागा व भांडे यांची ओळख होऊ द्यावी. कपड्यांसकट बसून पाहिले तरी चालते. मग सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी "बाळा, शूला जायचं का?" असे विचारावे, नाही म्हटले तर सोडून द्यावे. बसवले तर पाचेक मिनिटांपेक्षा अधिक नाही. झाले तर समाधान दाखवावे, पण फार गाजावाजा करू नये. ज्या गोष्टीबद्दल पेढा मिळतो, ती न झाल्यास काहीतरी गमावले असे मुलाला वाटते. न झाल्यास किंवा भलत्या जागी झाल्यास, "ओलं झालं, चल बदलू," एवढेच बोलून कपडे बदलावेत. शब्द कोणते वापरावेत याचाही थोडा विचार हवा. घरात 'शी' आणि अंगणवाडीत 'संडास' असे दोन शब्द झाले, तर मूल अडते. सेविकेने पहिल्याच दिवशी आईला घरचा शब्द विचारून तोच वापरावा. वाडीवस्तीवरील मुलाचा घरचा शब्द मराठी नसला, तरी तोच.

आता गावोगावी घरात शौचालये झाली आहेत. ही मोठी सोय आहे. परंतु ती बांधताना माप मोठ्या माणसाचे धरलेले असते. पायठेवण्यांमधील अंतर लहान मुलाच्या पायांना पुरत नाही, मधला खळगा काळोखी दिसतो, दार लावले की अंधार होतो, पाणी ओतले की घोगरा आवाज येतो. आपण आत पडू ही मुलाची भीती त्याच्या दृष्टीने पूर्णपणे सयुक्तिक आहे. दार उघडे ठेवून कोणी जवळ बसावे, आणि मूल बाहेर आल्यावर पाणी ओतावे. भीती फार असेल, तर मोरीजवळ किंवा अंगणात लहान भांड्यावर बसवून नंतर ते शौचालयात ओतावे. उंच बैठकीचे शौचपात्र असेल, तर पायांखाली पाट किंवा विटा द्याव्यात. पाय अधांतरी लोंबत असताना नीट कुंथता येत नाही.

या शेवटच्या मुद्द्याबाबत पालकांना जाणीव देणे अत्यंत आवश्यक आहे. कारण घाईचा खरा दंड येथे भरावा लागतो. मार, भीती, अस्वच्छ जागा किंवा एकदा झालेली वेदना यांमुळे मूल शी रोखून धरू लागते. पाय आवळून उभे राहते, चवड्यांवर उचलले जाते, लाल होते. पाहणाऱ्याला वाटते ते कुंथत आहे, प्रत्यक्षात ते थोपवीत असते. थांबलेल्या मळातील पाणी आतडी शोषून घेतात, मळ कडक होतो, पुढच्या वेळी गुदद्वाराशी चीर पडते, रक्ताचा थेंब दिसतो, आणि मूल आणखी निकराने रोखते. हे चक्र महिनोन् महिने चालले, की आतडे फुगून जाणीवच बोथट होते, व साठलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ पाझरून चड्डी सतत खराब होऊ लागते. घरचे लोक त्याला जुलाब समजतात किंवा बेफिकिरी समजतात, आणि मूल पुन्हा मार खाते. अशा मुलाची सवय लावण्याचा उद्योग तात्काळ थांबवून आधी मळ मऊ होईल असे पाहावे. पाणी, पालेभाजी, वरण, भाकरी, पेरू, पपई यांचे प्रमाण वाढवावे; केवळ दूध आणि बिस्किटे यांवर वाढणारी मुले या त्रासात लवकर सापडतात. तेवढ्याने न भागल्यास वैद्यकीय सल्ल्याने मळ मऊ करणारे औषध काही आठवडे द्यावे लागते. साबणाची वडी घालणे किंवा मुलाला जबरीने धरून बसवणे या उपायांनी भीती तेवढी वाढते.

अंगणवाडी व शाळा यांनी करण्याच्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. शी-शू सांगता येत नाही या कारणासाठी तीन वर्षांच्या मुलाला परत पाठवू नये. आईकडून दोन जुन्या चड्ड्या मागून घ्याव्यात व एका पिशवीत ठेवाव्यात. आहार वाटून झाल्यावर मुलांना रोज एकाच वेळी बाहेर न्यावे. ज्याला होत नाही, त्याने नुसते हात धुऊन यावे. इतर मुले पाहून नव्या मुलाला जे एका आठवड्यात जमते, ते घरी दोन महिन्यांत जमलेले नसते, असा अनुभव पुष्कळ सेविका सांगतात. कपडे बदलताना सेविका व मदतनीस यांच्या चेहऱ्यावर किळस दिसू नये. मुले चेहरा वाचतात. पहिलीच्या वर्गात तर बहुतेक प्रसंग ताब्याच्या अभावी होत नाहीत, परवानगीच्या भीतीने होतात. "आत्ताच सुट्टी झाली ना?" असे विचारणाऱ्या गुरुजींच्या वर्गात चड्डी ओली होते. पहिली-दुसरीच्या मुलांना न विचारता उठून जाण्याची मोकळीक असावी. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच सांगितले आहे. पण त्याला कुलूप असेल, कडी मुलाच्या हाताला पोहोचत नसेल, किंवा बादलीत पाणी नसेल, तर मुख्याध्यापकांनी आधी तिकडे पाहावे आणि नंतर मुलाकडे.

आरोग्याचाही एक प्रश्न आहे. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, असे समजून ती अंगणात राखेखाली झाकण्याची किंवा उकिरड्यावर टाकण्याची प्रथा अजून दिसते. लहान मुलांना जुलाब व जंत वारंवार होत असल्यामुळे त्यांच्या मळात रोगजंतू पुष्कळ असतात. तो शौचालयातच गेला पाहिजे, आणि मुलाला धुणाऱ्याने व मुलाने स्वतः साबणाने हात धुतले पाहिजेत. मुलींना धुताना पुढून मागे धुवावे.

रात्रीची गोष्ट मात्र वेगळी समजावी. दिवसा व्यवस्थित सांगणारे मूल रात्री अंथरूण ओले करते, यात आळस नाही व खोडीही नाही. गाढ झोप, रात्री लघवी कमी तयार होण्यासाठी लागणाऱ्या शरीरद्रव्याची अपुरी वाढ, आणि घराण्याचा वारसा ही त्याची कारणे आहेत. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले अधूनमधून अंथरूण ओले करतातच, व दरवर्षी त्यांची संख्या आपोआप घटत जाते. वडिलांना किंवा मामांना लहानपणी ही सवय होती का, हे हळूच विचारले, तर घरातील पुष्कळसा राग ओसरतो. झोपण्यापूर्वी शूला नेणे, संध्याकाळनंतर फार पाणी वा चहा न देणे, अंथरुणाखाली मेणकापड घालणे एवढे पुरे.

तथापि काही वेळा वाट पाहणे योग्य नसते. लघवी करताना मूल रडते, ताप येतो, लघवीची धार थेंबथेंब येते, तहान व लघवी एकाएकी फार वाढतात, शीतून रक्त जाते, चालण्यात दोष दिसतो, किंवा चार वर्षे उलटूनही दिवसा काहीच ताबा येत नाही. तसेच सहा महिने कोरडे राहिलेले मूल कारण नसताना पुन्हा ओले करू लागते. यांपैकी काही आढळल्यास मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीस येते. अशा मुलांची नावे सेविकेने व वर्गशिक्षकांनी वेगळ्या कागदावर लिहून पथकातील डॉक्टरांच्या हाती द्यावीत; वर्गात सर्वांसमोर ती वाचू नयेत.